डिझेलची गाडी अडते तेव्हा

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र मार्केटात, ज्याला सारे शहर के. आर. मार्केट या नावाने ओळखते, दिवस सूर्याच्या आधी उजाडतो. पहाटेच्या अंधारातच होसूर, कोलार, चिक्कबळ्ळापूर या बाजूंकडून झेंडू, शेवंती, पालेभाज्या यांनी भरलेल्या लहान मालगाड्या शहरात शिरू लागतात. तिकडे यशवंतपूरच्या बाजारात महाराष्ट्रातून गेलेला कांदा मोठ्या ट्रकांतून उतरतो आणि पुन्हा लहान गाड्यांत चढून गल्लोगल्लीच्या दुकानांकडे निघतो. या लहान गाड्यांना सगळीकडे पिकअप असेच म्हणतात, आणि त्यांतील बहुतेक डिझेलवर चालतात. फुलाला पहाटे जो भाव मिळतो तो दुपारी मिळत नाही. त्यामुळे पहाटे तीन वाजता, माल भरून झाल्यावर, खेड्यातल्या एखाद्या शेताच्या बांधावर पिकअपने सुरू होण्यास नकार दिला, तर तो केवळ यंत्राचा बिघाड राहत नाही. चालकाचे भाडे बुडते, आणि शेतकऱ्याची रात्रभराची तोडणी फुकट जाते.

अशा वेळी माणसाचा हात आपोआप किल्लीकडे जातो आणि तेथेच खिळून राहतो. इंजिन फिरविणारी जी विजेची मोटर, तिला चालकांच्या बोलीत ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ एकदा मारला जातो, पाचदा मारला जातो, दहादा मारला जातो. तोवर बॅटरी उतरते, सेल्फ तापतो, आणि मूळचा एक दोष होता त्याचे तीन होतात. मग बोलाविलेला मेकॅनिक आधी नवी बॅटरी आणावयास सांगतो, नंतर पंप उतरवितो, नंतर नोझल काढतो, आणि अखेरीस एखाद्या नळीचा ढिला जोड सापडतो! पंप आणि नोझल हे डिझेल इंजिनाचे फार महाग अवयव. पण गाडी एकाएकी अडते ती बहुधा त्यांच्यामुळे नव्हे. अडविणारी गोष्ट पुष्कळदा क्षुल्लक असते, आणि ती हुडकण्यास अवजारांपेक्षा तपासणीचा क्रम अधिक उपयोगी पडतो. तो क्रम कोणता, आणि नव्या गाड्यांच्या बाबतीत तो कोठे बदलावा लागतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभविले असेल. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच साध्या गोष्टीवर आपले इंजिन उभारले. १८९३ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन समाधानकारक रीतीने चालून दाखविण्यात आले. पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा दट्ट्या सोळा ते बावीस पट दाबतो. इंजिन चांगले असेल तर तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. तात्पर्य, या इंजिनाला सुरू होण्यास तीनच गोष्टी हव्यात. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. आतली हवा पुरेशी दाबली जाऊन तापली पाहिजे. आणि नेमक्या क्षणी नेमका फवारा आत गेला पाहिजे. गाडी अडली म्हणजे या तिहींपैकी कोणते तरी एक उणे आहे, चौथे कारण नाही.

यांपैकी दुसऱ्या गोष्टीच्या बाबतीत बंगळूरला एक छोटीशी गैरसोय आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. मुंबई किंवा मंगळूर येथल्यापेक्षा तेथली हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. जानेवारीच्या पहाटे तेथे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. विरळ आणि गार अशी हवा दाबून तापवावयाची असली, तरी धडधाकट इंजिनाला यातले काही जाणवतही नाही. परंतु ज्याच्या दट्ट्यांवरील कड्या झिजल्या आहेत, ज्याची बॅटरी म्हातारी झाली आहे, ते इंजिन किनाऱ्यावर रोज निमूटपणे सुरू होत असले, तरी घाट चढून आल्यावर पहिल्याच थंड पहाटे हटून बसते. चालक म्हणतो, कालपर्यंत ठीक होती. तेही खोटे नसते.

तिसऱ्या गोष्टीशी मात्र बंगळूरचे नाते फार जवळचे आहे. डिझेलचे मूळचे इंजिन अवजड होते. इंधन आत फुंकण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेचे वेगळे यंत्र लागे, आणि असले धूड कारखान्यात किंवा जहाजात शोभले तरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत बसविणे कठीण होते. ही अडचण दूर झाली ती इंधनाच्या लहान, नेमक्या पंपामुळे. श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. याच कंपनीच्या सहकार्याने १९५१ साली बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचे लोकांनी ‘मायको’ केले. आडुगोडी येथील तिच्या कारखान्यातून निघालेले पंप आणि नोझल देशभरच्या ट्रकांत, ट्रॅक्टरांत आणि शेतावरच्या इंजिनांत बसले. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश लिमिटेड झाले, पण शहरातल्या एका वसाहतीचे नाव अजून मायको लेआउट असेच आहे. नाशिकला आणि सोलापूरला जुने मेकॅनिक आजही ‘मायकोचा पंप’ म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांचे हात या पंपावर तयार झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिली परीक्षा कानांची. किल्ली फिरविल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन सारे शांत झाले, किंवा सेल्फ रडत रडत, ओढत ओढत फिरू लागला, तर डिझेलचा विचारच करू नये. दोष विजेत आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर साचला आहे काय, तारांच्या पकडी हाताने हलतात काय, आणि इंजिनापासून चौकटीला जाणारी जाड तार, जिला ‘अर्थ’ म्हणतात, ती गंजली आहे काय, हे पाहावे. डिझेल इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर वीज ओढतो. दिवे लख्ख लागले म्हणून बॅटरी चांगली, असे अनुमान काढणे म्हणजे पाटभर पाणी वाहते म्हणून धरण भरले आहे असे समजण्यासारखे आहे. बारा व्होल्टच्या चांगल्या बॅटरीचा दाब स्वस्थ असताना साडेबारांच्या थोडा वर असतो. सेल्फ फिरताना तो साडेनवाच्या खाली कोसळला, तर ती बॅटरी कामातून चालली असे समजावे. इंजिन मिनिटाला दीड-दोनशे फेरे घेत नसेल तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरून जाते आणि दडपण निसटून जाते. मग इंधन कितीही उत्तम असो, ते पेटत नाही.

सेल्फ जोमाने फिरतो आहे, तरीही इंजिन धरत नाही, अशी स्थिती असेल तर दुसरी परीक्षा डोळ्यांची. एकाने दहा सेकंद सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने धुराच्या नळकांड्याकडे पाहावे. माझ्या मते साऱ्या तपासणीतला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षिलेला क्षण होय. कारण येथे वाट सरळ दुभंगते. धूर मुळीच नसेल, तर आत डिझेल पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. पहिल्या वाटेचा दोष टाकीपासून नोझलपर्यंत कोठेतरी आहे. दुसऱ्या वाटेचा उष्णतेत किंवा वेळेत आहे. एका वाटेवरचा माणूस दुसऱ्या वाटेवरचे भाग खोलू लागला की खर्चाला अंत राहत नाही.

धूर नाही असे धरून चालू. जुन्या पद्धतीच्या गाडीत प्रथम इंजिन बंद करण्याची व्यवस्था पाहावी. काही गाड्यांत ती ओढावयाची तार असते, आणि ती ओढलेल्या स्थितीत अडकून राहिल्याने तासभर डोके खाजविणारी माणसे पुष्कळ आहेत. काही गाड्यांत पंपावर एक विजेची झडप असते. किल्ली चालू करताच तिचा बारीक ‘टिक्’ ऐकू येतो. तो आला नाही तर तिची तार निसटली आहे, फ्यूज गेला आहे, किंवा ती झडपच निकामी झाली आहे. मग टाकीत डिझेल आहे ना, हा बाळबोध प्रश्न विचारावा. काटा पुष्कळदा थाप मारतो. त्यानंतर फिल्टर. फिल्टरच्या तळाशी पाणी साचते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड असते. तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या भांड्यात थोडे काढून घेतले, की खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर उघड दिसतात.

एवढे करूनही धूर नसेल, तर नव्वद नव्हे तरी बऱ्याच प्रसंगी चोर एकच असतो, आणि तो म्हणजे हवा. ‘गाडीने एअर पकडली’ असे मेकॅनिक म्हणतात. ही गोष्ट थोडी समजून घेण्यासारखी आहे. जुना पंप डिझेलला वातावरणाच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाबाने ढकलतो, तेव्हा कोठे नोझल उघडून फवारा सुटतो. द्रव सहसा आकसत नाही, म्हणून पंपाचा रेटा जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. पण नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तो रेट्यासरशी आकसतो, रेटा गेला की फुगतो, आणि नोझलला काही कळतच नाही. हवेचे हे आकसणे सिलिंडरमध्ये इंजिनाला जीव देते, आणि नळीत तेच त्याचा जीव घेते.

ही हवा शिरते कोठून? टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेणारी असते. तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून त्या बाजूच्या जोडाला भेग पडली, तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर गळण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंब दिसत नाही, आणि चालक शपथेवर सांगतो की कोठेही गळती नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरून नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते. अशी गाडी सकाळी दोन-चार सेकंद चालते, उरलेले डिझेल संपवते आणि गप्प होते. किंवा दिवसा ठणठणीत असते आणि पहाटे मात्र अडते. चढावर तोंड करून उभी केली असता अधिकच अडते. खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग असा, की पंपाच्या तोंडाशी येणारी नळी सोडवून तेथे स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडविलेली पारदर्शक नळी जोडावी. हवा काढल्यावर इंजिन त्यावर सुरू झाले, तर पंप निर्दोष आहे आणि दोष मागच्या नळीत, फिल्टरच्या रबरी कड्यात किंवा टाकीतल्या जाळीत आहे.

हवा काढणे म्हणजे फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करावयाचा, हातपंप दाबत राहावयाचे, आणि फेसाळ डिझेल संपून अखंड धार येऊ लागली की स्क्रू आवळून मगच हातपंप सोडावयाचा. तेवढ्याने भागले नाही तर जुन्या पंपाच्या गाडीत नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या चक्क्या अर्धा फेरा सैल करतात, सेल्फ फिरवितात, आणि प्रत्येक चक्कीपाशी डिझेल थुईथुई उडू लागले की त्या एकेक आवळीत जातात. शेवटची चक्की आवळीपर्यंत पुष्कळदा इंजिन धडधडू लागलेले असते.

पांढऱ्या धुराची वाट अधिक अवघड आहे आणि तीवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही, कारण तिचे शेवटचे टोक गॅरेजातच संपते. प्रथम फिरण्याचा वेग पुन्हा तपासावा. मग हीटर प्लग. सिलिंडरच्या तोंडाशी बसणाऱ्या या कांड्या किल्ली चालू केल्यावर लाल होऊन आतली हवा उबदार करतात; एका तारेला बारा व्होल्टचा लहान दिवा लावून तो बॅटरी आणि प्लग यांच्यामध्ये जोडला असता पेटला, तर कांडी आतून तुटलेली नाही. तेही ठीक असेल, तर व्हॉल्व्ह, कड्या, गॅस्केट किंवा पंपाची वेळ यांच्याकडे संशय जातो. धक्का देऊन किंवा दुसऱ्या गाडीने ओढून सुरू होणारी आणि एकदा तापली की दिवसभर कुरकुर न करणारी गाडी दडपण कमी झाल्याची खूण देत असते. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारून इंजिन उडविण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. हीटर प्लग तापलेले असताना तो फवारा अवेळी पेटतो, आणि दट्ट्याच्या कड्या मोडण्यापासून हवेची नळी फुटण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

आतापर्यंत सांगितले ते जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांविषयी. अशा गाड्या अजून रस्त्यावर आहेत. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे ‘कॉमन रेल’ पद्धत आली, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनंतर नव्या डिझेल गाड्यांत तीच रूढ झाली आहे. या पद्धतीत सर्व नोझलांसाठी एकच सामाईक नळी असते, तीत डिझेल सतत प्रचंड दाबाखाली भरून ठेवलेले असते, आणि कोणत्या क्षणी किती डिझेल सोडावयाचे ते एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. जुन्या पंपातले दीडशे-दोनशे पटीचे आकडे येथे सोळाशे पटीच्याही पुढे जातात. म्हणूनच वर सांगितलेली, चक्क्या सैल करून हवा काढण्याची रीत येथे कधीही वापरू नये. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण मायकोच्या पंपावर तयार झालेला हात सवयीने प्रथम त्याच चक्कीकडे जातो. एवढ्या दाबाची केसासारखी बारीक धार कातडी सहज भेदते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, प्रथम दुखतही नाही, आणि माणूस हात पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूंच्या थरांत पसरत जाते. काही तासांत शल्यचिकित्सकाने हात उघडून ते साफ केले नाही तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती शोधावयाची तर बोट फिरवून नव्हे, इंजिन बंद करून आणि दाब उतरल्यावर, पुठ्ठ्यावर पडलेल्या डागांवरून शोधावी. रुग्णालयात गेल्यावर ‘टोचले’ असे न सांगता ‘दाबाखालचे डिझेल आत गेले’ असेच सांगावे.

मग नव्या गाडीत तपासावयाचे काय? धुराची परीक्षा येथेही खरीच आहे. तिच्या जोडीला समोरच्या फलकावरील दिवे आणि काटे वाचावेत. सेल्फ फिरत असताना इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा जागचा मुळीच हलत नसेल, तर फेरे मोजणारा सेन्सर निकामी असण्याचा संशय घ्यावा. इंजिन फिरते आहे हेच नियंत्रकाला कळले नाही तर तो डिझेल सोडीत नाही. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडीने किल्लीच ओळखलेली नाही; दुसरी किल्ली आणून पाहावी. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ कसाबसा फिरतो, पण नळीत आवश्यक तो दाब जमत नाही आणि नियंत्रक वाट पाहत राहतो. जुनी गाडी उतारावरून ढकलून सुरू करता येत असे. बॅटरी पुरती मेलेली असेल तर नवी गाडी चार माणसांनी कितीही ढकलली तरी सुरू होत नाही, कारण तिच्या फवाऱ्यालाच वीज लागते. यापलीकडचे काम दोष वाचणारे यंत्र ज्याच्यापाशी आहे त्याचे. ते यंत्र नुसते न लावता, सेल्फ फिरताना नळीत किती दाब जमतो तो आकडा पाहावयास सांगावे. आकडा चढतच नसेल, तर प्रत्येक नोझलमधून परत जाणारे डिझेल मोजले असता झिजलेले नोझल एकटे पकडता येते, आणि चारही बदलण्याचा खर्च वाचतो.

राहिली पाण्याची गोष्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता आणि बाहेरचा वर्तुळाकार रस्ता या भागांत पाणी चढले आणि असंख्य वाहने त्यात उभी राहिली. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला किल्ली लावणे ही तिची हत्या होय. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्या वर येतो, पाण्यावर आदळतो, आणि दट्ट्याला भुजेशी जोडणारा पोलादी दांडा वाकतो. बुडालेली गाडी आधी ढकलत कोरड्यात न्यावी, बॅटरीची ऋण टोकाची तार सोडावी, हवेचा फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढून, इंजिन हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर पडू द्यावे. तेल मोजण्याची पट्टी ओढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर ते सारे उपसून फिल्टरसह बदलावे. डिझेलच्या फिल्टरमधले पाणी काढावे, टाकीतले डिझेल तपासावे. हे सारे आटोपल्यावरच सेल्फला हात लावावा, आणि तोही दोन सेकंदांपुरता.